खडकाईची पाठ

१

आमच्याकडं नळ पहाटे येतो. धरण उशाशी असून विष्णुपुरीच्या बायांना पाण्यासाठी अंधारात उठावं लागतं, ह्यावर आमचे हे दर उन्हाळ्यात तोच विनोद करतात आणि मी दर उन्हाळ्यात हसते. उठायचं, पाणी भरायचं, अंगणात सडा टाकून रांगोळी काढायची, अंघोळ करून तुळशीपुढं दिवा लावायचा. तेवढा वेळ घर माझं एकटीचं असतं. व्रतं मी हौसेनं करते. सोमवार, चतुर्थी, मार्गशीर्षातले गुरुवार. कुणी माझ्यावर लादलेली नाहीत. उपासाच्या दिवशी देव जरा जवळ येऊन बसल्यासारखा वाटतो, एवढंच.

मागच्या श्रावणात अशीच तुळशीपुढं वाकले, हात जोडले, आणि मानेखालून माझ्या पाठीवर गार पाण्याची धार पडली.

मी दचकून वर पाहिलं. श्रावण असूनही पाऊस दडी मारून बसला होता, आभाळ कोरडं होतं. वर पत्रा नाही, पन्हाळ नाही, शेजारच्यांची गच्ची लांब. मागं हात नेऊन पाहिला. ब्लाऊज कोरडं. पदर कोरडा. केस निथळले असतील, असं मनाशी म्हणेपर्यंत आठवलं, की त्या दिवशी मी केसांना पाणी लावलंच नव्हतं.

खांद्यामागच्या पसरट हाडाला आमच्याकडं पाखुरा म्हणतात. ती धार डाव्या पाखुऱ्याखाली येऊन थांबली. आणि थांबली तिथं दुखायला लागलं.

२

कसं दुखतं, हे सांगता येत नाही, तिथंच सगळं अडतं. सुई टोचल्यासारखं नाही, भाजल्यासारखंही नाही. कुणीतरी तिथून काहीतरी काढून नेलं आहे आणि ती जागा भरून यायला तयार नाही, असं. भाकरी थापताना कळ, अंथरुणाची घडी घालताना कळ, आणि काहीच न करता बसले तरी ती माझ्या मागं बसलेली.

नांदेडच्या हाडांच्या डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरला. "मावशी, हाडं बघा तुमची. कॉलेजच्या पोरीची वाटतील. कॅल्शियम खा आणि घरी जा." लातूरला मोठ्या मशीनमध्ये निजवलं. आत कुणीतरी पत्र्याच्या पिंपावर दगड मारत असल्यासारखा आवाज येत होता. मी सगळा वेळ नामस्मरण केलं. तिथले डॉक्टर हसून म्हणाले, "रिपोर्ट एकदम क्लीन. पेढे वाटा." तिसरे डॉक्टर ह्यांच्याशीच बोलले. "मिसेसना घरात काही टेन्शन?" मी समोरच बसले होते. मला टेन्शन होतं का, हे त्यांनी ह्यांना विचारलं.

त्या डॉक्टरांना मी पाण्याचं सांगितलं. पहाटे धार पडते, रोज, आणि ब्लाऊज कोरडं असतं. त्यांचं पेन थांबलं. त्यांनी ह्यांच्याकडं पाहिलं, ह्यांनी त्यांच्याकडं पाहिलं. लेकरासमोर मोठी माणसं बघतात ना एकमेकांकडं, तसं. मग मनाच्या डॉक्टरची चिठ्ठी मिळाली. तो डॉक्टर वाईट असेल असं मी म्हणत नाही. पण इतक्या ठिकाणी गेले, इतक्या खोल्यांत बसले, आणि माझ्या पाठीला कुणी हात लावला नाही. सगळ्यांनी काचेत पाहिलं.

आमचे हे, शिवशंकर, इंजिनिअरिंग कॉलेजात लॅब असिस्टंट आहेत. सिमेंटचे ठोकळे मशीनखाली दाबून फोडायचे आणि तडा कधी गेला ते लिहायचं, हे त्यांचं काम. माणूस प्रेमळ. रोज संध्याकाळी गरम पाण्याची पिशवी भरून माझ्या पाठीशी ठेवतात. पण एक दिवस पिशवी ठेवता ठेवता म्हणाले, "सिंधू, एवढ्या मशिनी खोट्या बोलतील का गं?"

"मशिनी खोट्या न्हाईत."

"मंग?"

मग मीच स्वतःची परीक्षा घ्यायला लागले. कीर्तनात रमले असताना, टीव्हीवर मालिका रंगली असताना, एकदम मनाला हटकायचं: आता दुखतंय का खरं सांग. दुखतच असायचं. तरी वाटायचं, मी विचारलं म्हणून तर दुखलं नसेल? असं करत करत माणूस आपल्याच घरात चोर होतं.

३

माझ्या सासूबाई, शांतम्मा, जळकोटकडच्या. कान गेलेत, पण हाताला अजून धार आहे. दिवाळीनंतर एका दुपारी त्यांनी मला उघडी पाठ करून समोर बसवलं आणि बाम चोळायला घेतला. वेणी मी उजव्या खांद्यावरून पुढं ओढून धरली होती. चोळता चोळता त्यांचा हात थांबला.

"अय्यो यव्वा," त्या म्हणाल्या. "हितं गार हाय."

"बाम लावल्यावर गारच लागणार की, अत्याबाई."

"बामाचं गार मला कळत न्हाई व्हय? रांजणाच्या बुडाला हात लावल्यावानी लागायलंय." त्यांनी हात काढून घेतला, लुगड्याला पुसला, बामाच्या डबीचं झाकण लावलं. मग म्हणाल्या, "खडकाईला दाखव."

जळकोटच्या पलीकडं माळावर खडकाईचं ठाणं आहे. तिथली रीत अशी, की डोळा दुखत असेल तर चांदीचा डोळा न्यायचा, पाय दुखत असेल तर पाय. पहाटे देवीला न्हाऊ घालतात तेव्हा तो तिच्या त्याच अवयवाला लावायचा आणि सांगायचं, माय, इथं दुखतंय. तिथल्या तिथं बरं वाटलं तर अवयव देवळाच्या चौकटीला बांधून यायचं. नाही वाटलं तर माघारी आणायचा. देवी नको असलेलं ठेवून घेत नाही.

रात्री जेवताना मी हे ह्यांच्यापुढं काढलं.

"आता पाठीचा अवयव कुठं मिळतो?" हे म्हणाले. "आख्खी पाठ चांदीची करायची मनल्यावर मला पीएफ काढावा लागंल."

सासूबाईंना ऐकू गेलं नव्हतं, पण लेकाचं तोंड बघून कळलं. "हास. तुझ्या बापाचा कान तिनंच बरा केलता."

"मंग तुझा कामून न्हाई केला?"

"माझा मीच न्हाई नेला. तुम्हा लोकांचं ऐकून घ्यायचंय कुणाला?"

आम्ही सगळेच हसलो. हसणं ओसरल्यावर हे ताटात बोट फिरवत राहिले. ते थकले होते. माझ्या दुखण्यानं माझ्याइतकेच थकले होते. मला त्यांची कणव आली आणि त्या कणवेत मी बोलून गेले, "एकदा जाऊन येऊ. तिथंही काही निघालं नाही, तर ह्या घरात परत पाठीचं नाव काढणार नाही. डॉक्टर देतील ती गोळी गपगुमान घेईन."

"शब्द?"

"शब्द."

भांडी घासताना माझ्या लक्षात आलं, मी काय देऊन बसले ते. दुखणं तर राहणारच होतं. दुखतंय म्हणायचा हक्क तेवढा जाणार होता.

४

नुकतीच येळवस, मार्गशीर्षातली शेतपूजेची अमावस्या, झाली होती. एसटीच्या खिडकीतून शेताशेतात कडब्याच्या कोप्या अजून उभ्या दिसत होत्या. कंधारला उतरलो. खडकाईचे अवयव घडवणारा सोनार तिथंच, स्टँडपासून किल्ल्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर. सत्यम पांचाळ नाव. दुकान एवढंसं, मोबाईलवर भजन लावलेलं, हा बशीतून चहा फुंकत बसलेला.

"बोला वहिनी, काय दुखतंय?" भाजीवाल्यानं काय देऊ विचारावं तसं त्यानं विचारलं. मला बरं वाटलं. खरं दुखतंय का, हे त्यानं विचारलं नाही.

"पाठ."

"पाठीचा ठसा नसतो. पाठीला आकार कुठं हाय? आख्खा माणूस देऊ का? ज्याला समदंच दुखतंय त्याला आम्ही आख्खा माणूस देतो."

"समदं न्हाई हो. एकच जागा हाय."

"मंग तेवढी काढून दाखवा." त्यानं मिठाईच्या खोक्याचं झाकण आणि पेन्सिल पुढं केली.

मला चित्र येत नाही, रांगोळी येते. मी डोळे मिटले आणि दुखण्याच्या कडेकडेनं, एका ओढीत, हात फिरवला. उघडून पाहिलं तर चिंचेच्या आकड्यासारखं काहीतरी उतरलं होतं. मध्ये वाकलेलं, वर रुंद, खाली निमुळतं, आणि एका बाजूला छोटासा फाटा फुटलेला. तो फाटा तिथं आहे हे मलाही तोवर माहीत नव्हतं. पण पाहिल्याबरोबर पटलं. हो, तिथं जरा जास्त दुखतं.

सत्यमनं झाकण हातात घेतलं, उलटं केलं, परत सुलटं केलं. मग मोबाईलवरचं भजन बंद केलं. मागच्या फळीवरून पत्र्याचा डबा काढून त्यातले पितळी ठसे एकेक करून बाजूला ठेवत गेला. डोळे, हात, कान, पाळणा. तळाशी फडक्यात गुंडाळलेला एक होता. तो त्यानं माझ्या चित्रावर ठेवला.

पेन्सिलीची रेघ कुठंच बाहेर राहिली नाही. फाट्यासकट.

हे पुढं झुकले. ठसा उचलून त्यांनी खाली पाहिलं, परत ठेवला, परत उचलला. "हे कशाचं हाय?"

"मला ठावं न्हाई. वडिलांना बी ठावं नव्हतं. आज्याच्या वक्ताचं हाय."

"मंग ठेवलं कशाला?"

"मागाय येतात की."

"कोण?"

"बाया," सत्यम म्हणाला. "दोन-चार सालाला एखांदी. अशाच बसतात, काढून दाखवतात. मागं एक मास्तरीण आलती देगलूरकडची. तिनं तर फळ्यावर काढावं तसं झरझर काढलं."

मी पुढं सरकले. "त्या बऱ्या झाल्या का मंग?"

"ते मी कसं सांगू वहिनी? बरा झालेला माणूस सोनाराकडं कशाला येतो?"

त्यानं चांदीचा पातळ पत्रा ठशावर ठेवून ठोकायला सुरुवात केली. मला वाटलं, घाव पाठीत जाणवतील. मी पदर घट्ट धरून बसले. काहीच जाणवलं नाही. त्याचा मला फार धीर आला. म्हणजे अजून सगळं जागच्या जागी होतं. चांदी ती चांदी आणि पाठ ती पाठ.

जळकोटच्या गाडीत बसल्यावर हे म्हणाले, "चिंचेचा आकडा कुणालाबी काढता येतो."

"हाव," मी म्हटलं. मीही तेच करत होते. लहानपणी माहेरी कुणाच्या देव्हाऱ्यात असला तुकडा पाहिला असेल, डोक्यात राहिला असेल, असं जुळवत होते. जुळतही होतं. फक्त त्या मास्तरणीपाशी येऊन तुटत होतं.

५

खडकाईचं देऊळ म्हणजे काळ्या दगडाची एक खोली आणि पुढं ओसरी. भोवती उघडा माळ, कुसळी गवत, आणि वारा. गुरवीण नागुबाई तिथंच ओसरीवर राहते. वयानं वाकलेली, पण पाय चपळ.

"कुठनं आलात? नांदेड? मंग भूक लागली आसंल," म्हणून तिनं आधी आंबील दिली आणि मग देवीपुढं नेलं.

देवी हिरवं इरकल नेसलेली, चांदीचा मुखवटा, मळवट भरलेला. समईच्या उजेडात एवढंच दिसत होतं. मी डोकं टेकलं. चौकटीला वरपासून खालपर्यंत नाडे बांधलेले आणि नाड्यांना अवयव. डोळ्यांच्या जोड्या, पंजे, पावलं, एक इवलंसं हृदय. वारा आला की सगळे किणकिणायचे. इतक्या लोकांचं दुखणं थांबलं होतं, आणि थांबलेल्या दुखण्याचा असा गोड आवाज होतो, हे ऐकून माझे डोळे भरून आले.

मग मी माझा शोधायला लागले. हेही शोधत होते, न सांगता. मी उजवी बाजू पाहिली, त्यांनी डावी. काळे पडलेले, एकमेकांत अडकलेले, सगळे हातानं सुटे करून पाहिले.

तसला एकही नव्हता.

सत्यमच्या आज्यापासून बाया नेत होत्या. एकीनंही बांधला नव्हता.

हे माझ्याकडं बघायचं टाळत ओसरीच्या पायरीवर जाऊन बसले. त्यांचा चेहरा जिंकल्याचा नव्हता, ते मी शपथेवर सांगते. पण त्या क्षणी आमच्या दोघांच्याही मनात तो शब्द आला. दिलेला शब्द.

मी नागुबाईला रुमालातला तुकडा दाखवला. "असला कुणी आणत न्हाई का?"

तिनं डोळ्याजवळ नेऊन पाहिला. "आणतात की. बांधीत न्हाईत."

"गुण येत नाही म्हणून?"

"त्यांचं त्यांना ठावं. मी कुठं बघते? देवी न्हात असताना मी दाराकडं तोंड करून असते. मागं हात करून पाणी घालते. बाईमाणूस उघडं असताना टक लावून बघू ने."

"एवढ्या वर्षांत कधीच न्हाई पाहिलं?"

"म्होरून पायलं. पाठ न्हाई पायली," नागुबाई म्हणाली. "पाठीवरचं पाणी तिचं तिनं घ्यावं. पर तुझं पाठीचं हाय. तुला तिच्या मागं जावं लागंल."

देवीच्या मागं भिंतीपर्यंत एक अरुंद खाच होती. आडवं होऊन एखादी बाई शिरेल, एवढीच.

६

रात्री ओसरीवरच निजलो; उजाडायच्या आधी नागुबाईनं उठवलं. पुरुषमाणसानं ह्यावेळी ओसरीवरही थांबायचं नाही. हे शाल गुंडाळून बाहेर कट्ट्यावर गेले. दार लोटलं. समईची एकच ज्योत. नागुबाईनं देवीचा मुखवटा उतरवला, इरकल सोडलं, आणि घंगाळ जवळ ओढून देवीकडं पाठ करून बसली. मी गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी हात जोडून उभी.

तिनं तांब्या बुडवला. हात मागं नेला. देवीच्या खांद्यावर तांब्या कलता झाला.

आणि माझ्या पाठीवर गार पाण्याची धार पडली.

मानेखालून, मणक्याच्या डावीकडून, पाखुऱ्याखाली. रोजची. ओळखीची. मी तोंडावर हात दाबला. वारा असेल, दाराच्या फटीतून आला असेल. मी डोळे गच्च मिटून घेतले, म्हणजे तांब्या कधी कलतो ते मला दिसणार नाही आणि मनाला खेळ करता येणार नाही. अंधारात उभी राहिले. काहीच नाही. काहीच नाही. मग धार. डोळे उघडले, तर तांब्यातून शेवटचे थेंब दगडावर गळत होते.

पुन्हा डोळे मिटले. पुन्हा तेच.

मला भीती वाटायला हवी होती. पण छातीत जे दाटून आलं ते भीतीहून मोठं होतं. श्रावणापासून रोज पहाटे मी तुळशीपुढं वाकत होते, आणि इतक्या लांब, ह्या माळावर, ह्याच वेळेला हिची अंघोळ चालली होती. मला वाटत होतं, मी देवाच्या दारात उभी आहे. आणि मी तर हिच्याच न्हाणीत उभी होते!

"जा आता," नागुबाई दाराकडं बघतच म्हणाली. तेलाची वाटी तिनं मागं सरकवली. "गार पडायच्या आत जा."

७

मी आडवी होऊन खाचेत शिरले. समईचा उजेड देवीच्या दोन्ही बाजूंनी थोडा थोडा मागं येत होता.

देवाच्या मूर्तीला पाठ कुणी घडवत नाही. मागून दगड तसाच ओबडधोबड सोडतात. मी एवढ्या देवळांत गेले आहे, मला ठाऊक आहे. हिला पाठ होती. मणक्याची पन्हळ होती, कमरेची वळी होती, आणि वेणी उजव्या खांद्यावरून पुढं ओढून घेतलेली होती. पाठ दाखवायला बसलेल्या बाईनं घ्यावी तशी.

डाव्या पाखुऱ्याखाली एक खळगा होता. वाकलेला, वर रुंद, खाली निमुळता. बाजूला फाटा.

त्याच्या कडा छिन्नीच्या नव्हत्या. पाट्याचा दगड वर्षानुवर्षं हात फिरून गुळगुळीत होतो, तशा होत्या. किती हात, कुणाचे, हा विचार मला तेव्हा सुचला नाही. माझ्या हातात चांदी होती आणि मला एवढंच माहीत होतं, की ती लावायची असते. "माय," मी म्हटलं, "इथं दुखतंय." आणि तुकडा खळग्यात ठेवला. तो बसला.

माझं दुखणं थांबलं.

कमी झालं नाही, थांबलं. माझ्या मागं कुणीच बसलेलं नव्हतं. मी श्वास घेतला, तो पार तळापर्यंत गेला. मी सरळ उभी राहिले, आणि मला आठवलं की मी उंच आहे.

त्याच वेळी माझ्या कानाशी, अगदी जवळ, दात आवळून आत ओढलेला श्वास ऐकू आला.

तो आवाज मला पाठ आहे. भाकरी थापताना, घडी घालताना, रोज तो मीच काढते. नागुबाई दाराशी होती. मी तर श्वास सोडत होते.

देवीचा पाखुरा आत आवळला. दिवा हलला असेल. ओल्या दगडावर उजेड सरकला की असं दिसतं, हे मला कळतं. पण गाईच्या अंगावर माशी बसल्यावर कातडी थरथरते ना, तसा तो ओला दगड खळग्याभोवती थरथरत होता, आणि थांबत नव्हता.

तुकडा तिथंच ठेवून मला बाहेर जाता आलं असतं. नाड्याला बांधायचा राहिला तरी चाललं असतं. बाहेर जाऊन ह्यांना सांगायचं, बरं वाटलं, आणि ते खरंच असतं. त्यांचा चेहरा कसा उजळेल तेही मला दिसलं. तसला तुकडा तिथं ठेवून गेलेली पहिली बाई मी ठरले असते.

मी तिच्या पाठीकडं बघत राहिले. सगळ्या मुलुखाचे डोळे, हात, पाय हिच्या दारात टांगलेले. जो तो येतो तो आपलं दाखवायला. आणि हिनं कुणाला दाखवायचं? ह्या भिंतीला?

मी तुकडा काढून घेतला.

दुखणं परत आलं. सासरी गेलेली लेक माहेरी येते तसं सरळ आपल्या जागेवर जाऊन बसलं. कळ अशी आली की मी भिंतीला टेकले. पण आता त्या दुखण्याला नाव नसलं तरी कुणीतरी होतं. शब्द मोडणार, हेही मला तेव्हाच कळलं. माझ्या एकटीचं असतं तर मी गप्प बसले असते. दोघींचं आहे म्हटल्यावर कसं बसणार? मशिनी खोट्या नव्हत्या, त्यांना एवढ्या लांबचं दिसत नव्हतं. मी घरी जाऊन रोज सांगणार होते, दुखतंय, आज जास्त दुखतंय. हवी तर गोळीही घेणार होते.

खाली वाकून तेलाची वाटी ओढली. बोटं बुडवली. तेल कोमट होतं. मी तळहात त्या खळग्यावर ठेवला. तो तिथं असा बसला, जणू आधीच्या सगळ्याजणींनी जागा करून ठेवली होती. गार होतं. रांजणाच्या बुडासारखं. मी हळूहळू गोल फिरवायला लागले. जोर न लावता, कडेकडेनं, फाट्यापाशी जरा हलकं. तिथं जास्त दुखतं.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. माझ्या पाठीत कोमट कोमट उतरत होतं. हाताखालची थरथर आधी मंद झाली, मग अधूनमधून आली, मग थांबली. पाखुरा सैल पडला. कानाशी लागलेला तो श्वास लांब झाला, संथ झाला. मी हात काढला नाही.

बाहेर फटफटलं होतं. दारापलीकडून ह्यांची हाक आली. "सिंधू? झालं का गं? गुण आला का काही?"

"हळू बोला," मी म्हटलं. "आत्ताच कुठं तिचा डोळा लागलाय."